आधी बाटली, मग माणूस

निजामाच्या राजवटीत मी भूम-वाशीच्या बाजूला, एका बाजाराच्या गावी, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथले डॉक्टर माणसाला तोंडावरून ओळखत नसत. नजर अधू होती म्हणावं, तर सुईत दोरा एका झटक्यात ओवायचे. माणसाच्या तोंडाकडं बघायची त्यांना सवयच नव्हती, एवढंच. एकदा भर बाजारात खुद्द तहसीलदारांनी त्यांना थांबवून आदाब केला. साहेब नुसते त्यांच्याकडं बघत राहिले. तहसीलदार जरा खट्टू होऊन म्हणाले, "पहचाना नहीं क्या, डाक्टरसाब?" तेवढ्यात साहेबांना काहीतरी आठवलं आणि चेहरा एकदम खुलला. "हां हां! शक्करवाले! मुंग्या अजून लागतात का?"

आजूबाजूचं सगळं गिऱ्हाईक ऐकत होतं. तहसीलदार त्यानंतर महिनाभर आमच्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

ज्या मुंग्यांची चौकशी झाली त्या तहसीलदारांच्या मुतारीला लागणाऱ्या मुंग्या होत्या. लघवीत साखर जात असली की मुंग्या लागतात, हे साहेबांनी त्यांना आधीच्या भेटीत समजावून सांगितलं होतं. साहेबांचं सगळं जग लघवीच्या बाटलीत मावलेलं होतं. ताप असो, खोकला असो, पायाला काटा लागलेला असो, पेशंटनं आधी बाटली द्यायची आणि मग तोंड उघडायचं. "माणूस भीड ठेवतो, लाजतो, फुगवून सांगतो," ते म्हणायचे. "बाटली कुणाची भीड ठेवत न्हाय. आधी बाटली, मग माणूस."

ते कर्नाटकाच्या सरहद्दीकडचे, आमच्यासारखेच लिंगायत. घरची भाषा कानडी, डॉक्टरी हैदराबादेत उर्दूतून शिकलेली आणि नोकरी आमच्या मराठी मुलखात. त्यामुळं मूत्रपिंड हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ते गुर्दाच म्हणायचे. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात मात्र गावठी वहाणा. दवाखान्याच्या ओट्यावर सकाळी बाटल्यांची रांग लागायची आणि त्या रांगेसमोरून ते असे चालायचे की एखादा फौजदार परेड बघतोय.

लोक बाटल्या तरी कसल्या आणायचे! रॉकेलची, तेलाची, अत्तराची. तेलाच्या बाटलीवर साहेबांचा फार राग, कारण वर तवंग यायचा. एकदा एका म्हातारीनं मोठी थोरली बाटली भरून आणली. साहेबांनी विचारलं, "एवढी कुणाची?" म्हातारी म्हणाली, "समद्यांची हाय की. घरात पाच माणसं. म्हणलं, सारखं सारखं कशाला याचं, एकदमच बगा." मला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेतलं, स्पिरिटच्या दिव्यावर धरलं आणि म्हणाले, "पाचात कुणीतरी आजारी हाय. आता पाच बाटल्या आणा." दुसऱ्या दिवशी पाच बाटल्या आल्या आणि आजारी निघाला घरजावई, ज्याला कुणी विचारतच नव्हतं. पाय सुजले तरी बिचारा बोलला नव्हता.

ही नळीची तपासणी अगदी साधी. नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग दिव्यावर उकळायचा, आंबट औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर गुर्दा ठीक. पांढरं साकळलं, दूध नासल्यासारखं झालं, तर अंगातला कस लघवीवाटे चाललाय. खेड्यातल्या माणसाला ते फार सोपं करून सांगायचे. "श्रीखंडाला दही बांधताव का न्हाय? फडक्यातून पानी गळतं, चक्का वर ऱ्हातो. गुर्दा म्हंजे ते फडकं. फडकं विरलं की पान्यासंगं चक्काबी गळतो. मग अंगात कस ऱ्हात न्हाय, आन् पानी जागा सोडून पायात, डोळ्याखाली जाऊन बसतं."

रोज सकाळी चहाच्या आधी ते स्वतःची तपासणी करायचे आणि मग त्याच दिव्यावर चहा ठेवायचे. भांडी अर्थात वेगळी होती, पण पहिली सहा वर्षं मी तो चहा घेतला नाही. ते दरवेळी विचारायचे आणि मी दरवेळी आत्ताच घेऊन आलो म्हणायचो. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

दुसरी एक गोष्ट होती, तिला मात्र लोक घाबरायचे. ते कुणाला धीर द्यायचे नाहीत. जे नळीत दिसलं ते तोंडावर सांगायचे. एका पोक्त माणसाला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, "तुमचं औषध माझ्याजवळ न्हाय, कुणाजवळबी न्हाय. घरी जावा, वाटणी करून ठेवा." तो माणूस उठून गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "गोड बोलून त्याचे चार दिवस फुकट घालवू का?" मला त्यांचा तेव्हा संताप यायचा. अजूनही थोडा येतो.

माझी थोरली बहीण, आक्का, तिकडून दोन कोसांवरच्या खेड्यात दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, चांगले रांगडे शेतकरी. बोलायला मोजके, खायला दणकट. एका श्रावणात आक्का त्यांना बैलगाडीत घालून घेऊन आली तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. डोळे सुजून बारीक झालेले, पाय असे फुगलेले की अंगठा दाबला तर खळगा पडून तसाच राहायचा. साहेबांनी बाटली मागितली. नळी उकळली. अर्धी नळी दह्यासारखी घट्ट झाली.

"चक्का," साहेब म्हणाले, आणि त्या दिवसापासून दाजींचं नाव त्यांच्या लेखी चक्काच पडलं. मीठ बंद, शेतातली कामं बंद, पडून राहायचं. "बरे होतील का?" आक्कानं विचारलं. "सांगता येत न्हाय," साहेब म्हणाले. आक्का आणखी काहीतरी सांगायला गेली तर त्यांनी हात वर केला. "बाई, माझी बाटली बोलतीय, तिचं ऐकू द्या."

दाजींची सूज त्या वेळी आपोआप उतरली. आम्हाला वाटलं, अळणी खाण्याचा गुण. मग पुन्हा चढली, पुन्हा उतरली. साहेब चक्रावले. गुर्द्याचा आजार असा लपंडाव खेळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दर आठवड्याला बाटली यायची, दर आठवड्याला ते नळीतला पांढरा गाळ बसू देऊन त्याची उंची मोजायचे आणि वहीत मांडायचे. दाजींना समोर उभं करून वरपासून खालपर्यंत बघावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर आक्का एकटीच बाटली घेऊन आली. बाटली तिनं ओट्यावर ठेवली नाही. पदराखाली धरून ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"आज आधी माजं ऐका, मग बाटली घ्या," ती म्हणाली. "त्यांच्या मानंत गाठ हाय. ती गाठ फुगली की सूज येती, गाठ बसली की सूज उतरती. पंचमीला आवळ्याएवढी झाली तवा पाय सुजले. दसऱ्याला सुपारीएवढी ऱ्हायली तवा जोडा पायात जाया लागला. आता दिवाळीत पुन्ना उठलीय आन् डोळे पुन्ना मिटलेत."

"गाठ? कवापासून?"

"मिरगाच्या आधीपासून. मी पयल्याच दिशी सांगणार व्हते, तुमी बोलू दिलं न्हाय. ह्याला तर त्याच्याबी आधी सांगितलं व्हतं." आणि तिनं माझ्याकडं बोट केलं.

तिनं सांगितलं होतं, हे खरं आहे. आमच्यात लिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधतात. तो दोरा जन्मभर मानेवर घासत असतो आणि आमच्या निम्म्या माणसांच्या मानेला त्याचा घट्टा पडलेला असतो. दाजींचा दोरा रेशमी होता. मी शहाण्यासारखा आक्काला म्हणालो होतो, "गाठ कसली, घट्टा असंल. रेशीम काचतं. सुती दोरा घाल, जिरंल." तिनं दोरा बदललाही होता. कंपाउंडर भावानं सांगितलं म्हटल्यावर ती काय करणार? मी दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणारा माणूस, मला कुणी निदान विचारलं नव्हतं. अजून कधी कधी जेवताना मला तो सुती दोरा आठवतो.

साहेबांनी आधी आक्काला उडवूनच लावलं. "गुर्दा कमरेत, गाठ मानंत. मधी हातभर अंतर. काय संबंध?" आक्का म्हणाली, "ते तुमी शोधा. म्या बघितलं ते सांगितलं." आणि मग तिनं बाटली टेबलावर ठेवली. साहेबांशी असं कुणी बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः तिच्या गावी गेले. मीही गेलो. दाजी खाटेवर बसले होते. आमच्यात दुसऱ्याच्या लिंगाला हात लावत नाहीत आणि साहेब त्या बाबतीत फार कडक. छातीचे ठोके ऐकायची नळी लावताना सुद्धा लिंगायत पेशंटच्या दोऱ्याला बगल देऊन लावायचे. आता दोरा मध्ये येत होता. ते अवघडून उभे राहिले. दाजींनीच ओळखलं. त्यांनी डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पूजेला घेतात तसं, आणि उजव्या हातानं दोरा वर उचलून धरला. "बगा आता," ते म्हणाले.

साहेबांनी बोटं लावली. एक नव्हे, तीन गाठी होत्या. घट्ट रबरासारख्या, दुखत नव्हत्या. एक काखेतही सापडली. परतताना गाडीत म्हणाले, "आपण तिघंबी गळ्यात लिंग बांधून फिरताव, कंपाउंडर. आन् एकालाबी दोऱ्याखाली बघावं वाटलं न्हाय."

त्यानंतर त्यांना झपाटल्यासारखं झालं. पाच आठवडे ते रोज दोन कोस गेले. सगळ्यात मोठ्या गाठीभोवती दोरा धरायचे, तेवढा कापायचे आणि वहीत डिंकानं चिकटवायचे. शेजारी त्या दिवशीच्या नळीतल्या गाळाची उंची. पाच आठवड्यांत गाठ थोडी बसली, तसे वहीतले दोरे आखूड होत गेले आणि शेजारचे आकडेही उतरत गेले. डोळे मिटून त्या पानावरून बोट फिरवलं असतं तरी समजलं असतं. शेवटच्या दिवशी त्यांनी वही आक्कापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण दोरे तिला दिसले. "बाई," साहेब म्हणाले, "तुमी म्हणला ते खरं. गाठ रक्तात असं कायतरी सोडतीय की गुर्द्याचं फडकं विरतंय. फडक्याला ठिगळ लावून उपयोग न्हाय. गाठच घालवली पायजे."

दाजींना सोलापूरला नेलं. गाठीचा तुकडा काढून मुंबईकडं तपासायला गेला. उत्तर आलं, गाठींचा कॅन्सर. तो शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. साहेबांनी मग कुणाकुणाला पत्रं लिहून मुंबईला किरणांच्या उपचाराची सोय लावली. आक्का आणि मी दाजींना घेऊन बार्शीवरून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मुंबई असे गेलो. दीड महिना राहिलो. मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, पण गाठी लोण्यासारख्या विरघळल्या.

परत आलो त्या दिवशी साहेबांनी बाटली घेतली आणि ओट्यावर, सगळ्या पेशंटांच्या देखत, दिवा लावला. नळी उकळली. थेंब टाकले. पाणी नितळ. त्यांनी पुन्हा टाकले. पाणी नितळच. नळी उन्हात धरून त्यांनी ती आक्काच्या डोळ्यांपुढं नेली. ओट्यावरच्या लोकांना काही कळलं नाही, पण साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी सगळ्यांना दिसलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडं चहा प्यालो.

ही सगळी हकीकत त्यांनी उर्दूत लिहून हैदराबादेत आपल्या जुन्या उस्तादांना पाठवली. गाठीचा आणि लघवीचा संबंध प्रथम पेशंटच्या बायकोच्या ध्यानात आला, असंही त्यात लिहिलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं : योगायोग असावा. साहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि वहीत, त्या दोऱ्यांच्या पानाशेजारी, डिंकानं चिकटवून ठेवलं. पुढं म्हातारपणी मला एका तरुण डॉक्टरनं सांगितलं की असा संबंध असतो आणि तो आता पुस्तकात शिकवतात. मी त्याला आक्काची गोष्ट सांगितली. तो भला मुलगा, उठून उभा राहिला.

दाजी दोन वर्षं उत्तम राहिले. नांगर धरला, भांडणं केली, येरमाळ्याच्या जत्रेला बैल घेऊन गेले. मग रझाकारांचं ते साल उजाडलं. त्या उन्हाळ्यात आक्कानं निरोप पाठवला, गाठ हाताला लागतीय. सूज नंतर आली, यावेळी भराभर आली. आणि बार्शी सरहद्दीपलीकडं हिंदुस्थानात, तिकडची वाट बंद. सरहद्दीवर गोळ्या चालत होत्या, गाड्या नाक्यावरून परत फिरवत होते. साहेबांनी तीन वेळा परवानगी मागितली. चौथ्या वेळी परवानगी न घेताच स्वतः दाजींना गाडीत घालून निघाले आणि वाटेतूनच त्यांना परत लावलं गेलं. सरकारी नोकर असून असं केलं म्हणून वरून जाब विचारणारा कागद आला. तो त्यांनी उघडूनही बघितला नाही.

मृगाला आठ दिवस होते. आम्ही दोघं आक्काच्या गावी गेलो. दाजींच्या मानेत, काखेत, जांघेत गाठी होत्या आणि नळी उकळल्यावर उलटी केली तरी गाळ खाली पडत नव्हता. साहेबांनी ती नळी धुतली, पुसली, पेटीत ठेवली. दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. शेजारी बियाण्याची दोन गाठोडी सोडून ठेवलेली.

"डॉक्टर," दाजी म्हणाले, "एकच इचारतो. यंदा त्या वरच्या पट्टीत मूग पेरू का तूर?"

मूग दोन-अडीच महिन्यांत हाती येतो. तूर पौषापर्यंत रानात उभी असते. हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला माहीत असतं आणि साहेबांचे वडील शेतकरीच होते. आक्का चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. मी साहेबांकडं बघितलं आणि मनात म्हणालो, आता हे सांगणार, मूग पेरा. मला त्या क्षणी त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

साहेबांनी पहिल्यांदाच दाजींच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं.

"तूर पेरा," ते म्हणाले. "मी येतो की शेंगा खायाला."

"बरं," दाजी म्हणाले.

वरच्या पट्टीत तूर पडली. मूग खालच्या तुकड्यात टाकला. भाद्रपदात मुगाच्या शेंगा तोडताना दाजी बांधावर घोंगडीवर बसून होते. चार दिवसांनी हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, बार्शीची वाट मोकळी झाली. पण तोवर दाजी गाडीत बसण्याच्या पलीकडं गेले होते. दसऱ्याच्या आधी गेले.

पौषात आक्कानं तूर काढली. चांगली उतरली होती. तिनं साहेबांसाठी ओल्या शेंगा बाजूला काढल्या होत्या, त्या वाळून गेल्या, कारण साहेब काही आले नाहीत. मग तिनं भरडून डाळ केली आणि माझ्याबरोबर पाठवली. साहेबांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. मग म्हणाले, "कंपाउंडर, मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं असंल का हो?"

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी आक्काला विचारलं. ती अंगणात तुरीचा भुसा पाखडत होती.

"कळलं न्हाय तर काय," ती म्हणाली. "तुमी दोघं येशीबाहेर जायच्या आधीच कळलं व्हतं. मी म्हणलं, मग वरच्या पट्टीतबी मूगच टाकू. तर म्हणले, न्हाय, तिथं तूरच पेरायची. त्यो माणूस जन्मात कुणाशी खोटं बोलला न्हाय, आज माझ्यासाठी बोललाय. तेवढं तरी त्याचं खरं करू."